शिक्का याओग्वायकडे आहे

१. पेटी

पेटी जागच्या जागी होती. आतलं लाल रेशमी अस्तर होतं, शाईची गोल गादी होती, गादीवर सकाळीच घातलेली ताजी शाई होती. शिक्का नव्हता.

थांगताईंनी पेटी उलटी करून हलवली. संपलेली काडेपेटी हलवून बघतात तशी.

"थांग, मस्करी असेल तर आत्ताच सांग," आमच्या अध्यक्षा शाओ झोंग म्हणाल्या. "मला हसू यायला वेळ लागतो."

थांगताई रडायला लागल्या. बटणांच्या धंद्यापासून त्या शाओ झोंगबरोबर होत्या आणि शिक्क्याची किल्ली गळ्यात घालून झोपायच्या. मस्करीचा प्रश्नच नव्हता.

शिक्का म्हणजे आमच्या चिंगयान एअरलाइन्सचा. गोल, पितळी, मधोमध पाच टोकांचा तारा, भोवती कंपनीचं नाव. सहीला इथं कोण विचारतो? कागदावर तो लाल गोल उमटला की कंपनी बोलली. नाही उमटला तर कंपनी मुकी. नवा करून घ्यायचा तर पोलिसांत वर्दी, वर्तमानपत्रात जाहिरात, मग वाट बघणं. आणि आमच्याकडे ती एक दुपार होती.

सभागृहाच्या खिडकीतून आमचं नवं विमान दिसत होतं, अजून ओलं. थोड्या वेळापूर्वी ते उतरलं तेव्हा अग्निशामक गाड्यांनी दोन्ही बाजूंनी फवारे सोडून त्याच्यावर पाण्याची कमान धरली होती. भाड्याचं नाही, आमचं. पहिलं आमचं. सगळे खिडकीशी धावले. मग सगळे खाली, फोटोला. मग सगळे वर, शिक्का मारायला. त्या मधल्या वेळात पेटी टेबलावर एकटी होती आणि दार सताड उघडं होतं. शुभ दिवशी दार लावायचं नाही, हे शाओ झोंगचंच फर्मान.

विमान बनवणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी श्री. युआन घसा खाकरून म्हणाले, "बँका बंद होईपर्यंत मी थांबतो. त्यानंतर हे विमान पुढच्या गिऱ्हाइकाचं. माफ करा, मी नुसता निरोप्या."

"आणि करार काय म्हणतो, ते सगळ्यांना आठवतंय ना?" खुर्चीत रेलून फू हंगलिआंग म्हणाले.

आठवत होतं. भागीदार फू यांनी सिमेंटमधला पैसा आमच्यात घातला तो एका अटीवर. ठरल्या दिवसापर्यंत कंपनीच्या नावावर स्वतःचं विमान आलं नाही तर अध्यक्षपद त्यांचं. ठरला दिवस आजचा होता. अध्यक्ष झाल्यावर ते चिंगयान कुणाला विकणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

शाओ झोंग कोपऱ्यात उभ्या असलेल्या कॅप्टन खांगकडे वळल्या. खांग मूयुन, आमच्या सुरक्षा विभागाच्या प्रमुख.

"मूयुन, विमान पडलं तर का पडलं, हे शोधणं तुझं काम ना?"

"हो. पण आपलं अजून एकही पडलेलं नाही."

"आज पडतंय. शोध."

२. विमानातल्या मासिकासाठी खर्डा (अपूर्ण)

प्रिय प्रवासी, चिंगयानची सुरुवात बटणांपासून झाली. ("बटणांपासून" काढा, हलकं वाटतं. – फू. राहू द्या. – शाओ.)

आमच्या अध्यक्षा शाओ ग्वेफन पाठीवर बटणांचं गाठोडं घेऊन रेल्वेनं देशभर फिरत. एकदा उत्तरेकडे उभ्यानं जाताना त्यांचे पाय सुजले आणि त्यांनी ठरवलं, आपल्या वेनचौ शहराच्या व्यापाऱ्यांसाठी विमानं हवीत. (खोटं. पाय सुजले नव्हते, बूट चोरीला गेले होते. – शाओ.)

त्यांनी दोन विमानं भाड्यानं घेतली. मोठ्या कंपन्या नकाशा बघून मार्ग ठरवतात. शाओ झोंगनी आपली बटणं कुठे कुठे खपतात ते बघितलं, आणि तिथे विमान पाठवलं. जिथे बटण पोचलं होतं तिथे वेनचौचा माणूस दुकान थाटून बसलेला होताच. पहिल्या दिवसापासून विमानं भरली. भाड्याची दोन होती, आता भाड्याची अकरा आहेत.

तिकीट स्वस्त. पाणी विकत. ("विकत" काढा. – फू.) आमच्या हवाई सुंदरी उड्डाणात कंगवे, सुकवलेलं मटण, खेळण्यातली विमानं विकतात. गेल्या वर्षापासून आंधळ्या पेट्याही. आत काय आहे ते न बघता घ्यायची, मग उघडायची. पोरं वेडी होतात. पोरांपेक्षा आज्या.

बाजारातले जुने प्रतिस्पर्धी शाओ झोंगना "लाओ याओग्वाय" म्हणतात. म्हातारी हडळ. कारण त्यांना कुणी झोपलेलं पाहिलेलं नाही. (काढा! काढा! – थांग. राहू द्या. – शाओ.)

३. जिना

खर्डा माझा आहे. मी लू, प्रसिद्धी अधिकारी. 'लाओ' इथं जवळिकीनंही लावतात, म्हणून जवळच्यांचा लाओ लू. आधी वर्तमानपत्रात होतो, विमानवाल्यांत येऊन एकच हंगाम झाला होता. फोटो निघत होते तेव्हा मी सिगारेट ओढायला जिन्यात सटकलो होतो आणि तिथे मी एक वाक्य ऐकलं. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. रिकामी पेटी बघितल्यावर लागला, आणि लागला नसता तर बरं असं वाटलं.

कॅप्टन खांगना मी व्हरांड्याच्या टोकाला गाठलं.

"जिन्याच्या अग्निरोधक दारापलीकडे कुणीतरी फोनवर होतं. पुरुष. म्हणाला, वस्तू याओग्वाय. आता फोन करू नका. मग पावलं खाली गेली."

"आवाज कुणाचा?"

"कुजबुजत होता. कुजबुजीला कुठं चेहरा असतो?"

"वस्तू याओग्वाय. एवढंच?"

"मधले शब्द दारानं खाल्ले असतील. पण अर्थ सरळ आहे. वस्तू हडळीकडे आहे."

खांगबाईंनी मागे वळून व्हरांडा रिकामा आहे ना ते बघितलं. "म्हणजे बाईंनी स्वतःचाच शिक्का चोरला, असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही. मी प्रसिद्धी खात्यात आहे."

"लाओ लू."

"बरं, वाटतं. विमानाचा हप्ता झेपणार नसेल. शिक्का हरवला म्हटलं की निदान अब्रू राहते."

"हे आणखी कुणाला बोललास?"

"कुणालाच नाही."

"बोलूही नकोस. बायकोलासुद्धा नाही."

"ती विचारतच नाही."

४. फक्त उत्तरं

(खांगबाईंचे प्रश्न मी उतरवून घेतले नाहीत. ते छोटे होते.)

थांग सूछिन, शिक्क्याच्या राखणदार:

"मी शाई घातली. मीच पेटी टेबलावर ठेवली. मग कमान बघायला गेले, बाई. सगळी गेली म्हणून मीही गेले. आयुष्यात एकदा कंपनीचं विमान न्हाताना बघायचं नाही का?... किल्लीचा काय उपयोग? पेटी उघडीच होती... नाही, शाओ झोंगवर माझा संशय नाही. तुम्ही असं विचारता तरी कसं? त्यांनी मला दोनदा घर बांधून दिलं. एकदा पुरात गेलं म्हणून."

वेइ चोंगमिंग, उड्डाण नियंत्रण कक्षाचे प्रमुख:

"फोटोत नाही, कारण कामात होतो. सगळ्यांनी फोटो काढले तर विमानं कोण उडवणार? लानचौचं विमान माणसांनी भरून उभं आहे, वरच्या वाटेला गर्दी, परवानगी नाही. विचारलं की लियांग दोंग मिनिटं, परत विचारलं की परत लियांग दोंग मिनिटं... (माणसासारखं वीस म्हणा की, असं मी मध्येच म्हटलं.) सवय आहे, लू साहेब. सैन्यात बिनतारी यंत्रावर होतो... छे, चिडलो नाही. सिच्वानचं बोलणंच असं. माझी आई जेवलास का विचारते तेव्हा शेजारी भांडण सोडवायला येतात... शिक्का? मी कशाला हात लावू? मला तो तिखट आहे का गोड, तेही माहीत नाही."

फू हंगलिआंग, भागीदार:

"लोक मला फू झोंग म्हणतात. झोंग म्हणजे साहेब, कबूल. पण 'फू' म्हटलं की ऐकणाऱ्याला 'उप' ऐकू येतं. आयुष्यभर उपसाहेब! माझ्या सिमेंटच्या कारखान्यात मी एकटा मालक, तरी लोक येऊन विचारायचे, मुख्य साहेब कधी भेटतील?... रागाचा प्रश्न नाही. सांगतोय फक्त... फोटोत मी आहे. मधोमध. बघा... हो, कानाला फोन आहे. धंदेवाल्याच्या कानाला फोनच असणार. चेहरा? ऊन होतं डोळ्यांवर."

फोटो माझ्या हातात होता. आभाळ भरून आलेलं होतं. कुणाचीच सावली पडलेली नव्हती.

५. घोषणा

"प्रवासी मित्रहो, चिंगयानच्या लानचौ विमानात आपलं पुन्हा एकदा स्वागत. हवाई वाटेवरच्या गर्दीमुळे आपण अजून सतरा क्रमांकाच्या थांब्यावरच आहोत. किती वेळ, हे आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही. रागावलेल्या प्रवाशांनी कृपया बसून रागवावं. तोवर आमच्या सहकारी आंधळ्या पेट्या घेऊन आपल्यापर्यंत येत आहेत. गाडा आत्ताच नव्यानं भरून विमानात आलेला आहे."

६. फू झोंग बोलतात

श्री. युआन कागद पिशवीत भरायला लागले होते. एकेक कागद, सावकाश, कुणीतरी थांबवेल अशा आशेनं.

शाओ झोंग खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. ओलं विमान वाळलं होतं.

"पुरे झालं," म्हणत फू झोंग उठले. "तपास कसला करता? मी सांगतो शिक्का कुठं आहे. शिक्का याओग्वायकडे आहे!"

कुणी तोंडावर हे नाव घेत नसे.

शाओ झोंग वळल्या. "कुणाकडे?"

"बाजारातलं तुमचं नाव मला ठाऊक नसेल, असं वाटलं? तुमच्याकडेच आहे तो. पैसे भरायची छाती नाही, म्हणून हरवल्याचं सोंग! युआन साहेब, तुम्ही साक्षीदार. झडती घ्या यांची!"

"कुणी नको. मीच घेते," शाओ झोंग म्हणाल्या.

त्यांनी अंगातला कोट काढून टेबलावर आपटला. खिसे उलटे केले. सूर्यफुलाच्या बिया, हातरुमाल, विमानात विकतात तसला एक कंगवा, खोकल्याची गोळी. पायातले बूट काढून तेही टेबलावर ठेवले, युआन साहेबांच्या कागदांशेजारी.

"हडळीकडे एवढंच आहे, फू झोंग. बूट तुमच्या मापाचे असतील तर घ्या."

फू यांचा चेहरा उतरला. खोटं पकडलं गेलं म्हणून उतरतो तसा नाही. त्यांना खरोखरच तिथे शिक्का निघेल असं वाटलं होतं.

कॅप्टन खांग माझ्याकडे बघत होत्या. मी मान हलवली. मी नाही सांगितलं. देवाशपथ नाही.

"फू झोंग," खांगबाई म्हणाल्या, "हा शब्द तुम्हाला कुणी दिला?"

७. एक शब्द

"सगळं जग म्हणतं यांना हडळ!"

"जग म्हणतं. पण शिक्का तिच्याकडे आहे, असं जगाला कुणी सांगितलं?" खांगबाई टेबलाच्या टोकाला आल्या. "वस्तू आणि याओग्वाय, हे दोन शब्द आज या इमारतीत एकदाच जोडून बोलले गेले. जिन्यात, फोनवर. दाराआडून ते लाओ लूनं ऐकले आणि फक्त मला सांगितले. म्हणजे ते ऐकणारा आणखी एकच माणूस उरतो. फोनच्या दुसऱ्या टोकाचा."

मी फोटो टेबलावर ठेवला. मधोमध फू झोंग, कानाला फोन, कारल्याच्या रसाचा घोट घेतल्यासारखा चेहरा.

"हे पुराव्यात बसत नाही," फू म्हणाले. पण बसले ते स्वतःच.

"पण मूयुन, शिक्का माझ्याकडे नाही," शाओ झोंग म्हणाल्या. "मग यांचा साथीदार यांना असं कशाला सांगेल?"

"त्यानं तसं सांगितलंच नाही. मघापासून मी त्याचाच विचार करतेय. लाओ लूनं चुकीचं ऐकलं, समजू शकते, मध्ये दार होतं. फू झोंगच्या कानाला तर फोन होता. दोन वेगळ्या माणसांनी एकच चूक ऐकली. मग चूक ऐकणाऱ्यांची नाही. बोलणाऱ्याची आहे."

त्यांनी वेइला वर बोलावलं. तो कमरेचा वॉकीटॉकी सावरत आला.

"लाओ वेइ, लानचौचं विमान तुझ्या ढिलाईमुळे अडकलंय, असं बाईंचं म्हणणं आहे."

वेइ लाल झाला. "माझ्या ढिलाईमुळे? सकाळपासून घसा फाटेस्तोवर परवानगी मागतोय! तिथं बसलेल्यांना विचारा की!"

"उगाच ओरडू नकोस. विमान आहे तरी कुठं? कुठल्या थांब्यावर?"

"कुठल्या म्हणजे? याओ ग्वाय!"

फू झोंगचं तोंड उघडं राहिलं. हळूहळू, सिमेंट घट्ट होतं तसं, त्यांना कळत गेलं.

"बिनतारीवर," खांगबाई आम्हा अडाण्यांकडे वळून म्हणाल्या, "एक आणि सात, यी आणि छी, खरखरीत अगदी सारखे ऐकू येतात. त्या गोंधळात माणसं मरतात. म्हणून आम्ही एकला याओ म्हणतो, सातला ग्वाय, शून्याला दोंग. याओ ग्वाय म्हणजे एक, सात. सतरा. त्यातला ग्वाय खाली झुकून वर येतो. हडळीतला ग्वाय वरून धाडकन पडतो. आमच्या भाषेत सूर बदलला की शब्द बदलला. मी हार्बिनची, माझा ग्वाय नीट झुकतो. पण सिच्वानच्या तोंडात झुकणारा सूरच धाडकन पडतो. वेइ, तू सतरा म्हणतोस आणि ऐकणाऱ्याला हडळ दिसते. बिनतारीवाल्यांना सवय आहे, ते बरोबर ओळखतात. सिमेंटवाले ओळखत नाहीत."

"वर्तमानपत्रवालेही नाहीत," मी म्हटलं.

"सतरा म्हणायला याओ ग्वाय वापरणारे इथं खूप आहेत. सिच्वानचे बोलणारेही असतील. दोन्ही एका अंगात असलेला माणूस आज इमारतीत एकच आहे, आणि तो फोटोत नाही."

वेइनं फू झोंगकडे बघितलं. ते बघणं मी जन्मात विसरणार नाही.

"हडळ?" तो म्हणाला. "मी तुम्हाला थांब्याचा नंबर सांगितला, आणि तुम्ही हडळ ऐकलीत?"

"नीट बोलायला काय झालं होतं!" फू ओरडले.

त्यानंतर पुराव्याची गरज राहिली नाही. विकलेल्या कंपनीत आपल्याला संचालकपद मिळणार होतं, असं वेइनंच सांगून टाकलं. शिक्का मोडायचा नव्हता. पुढे चिंगयान विकताना तोच तर लागणार होता. फक्त एक दिवस तो गावाबाहेर हवा होता. लानचौला जाऊन उद्या परत आला असता, तोवर अध्यक्ष बदललेले असते.

"विमानात कुठं?" शाओ झोंगनी विचारलं.

वेइचा वॉकीटॉकी खरखरला. त्यानं ऐकलं आणि पहिल्यांदाच हसला. "आली परवानगी. दार लावतायत."

खांगबाईंनी यंत्र त्याच्या हातातून हिसकलं. "याओ ग्वाय वरचं लानचौ विमान, कॅप्टन खांग बोलतेय. दार उघडा. जिना लावा."

"कारण?" पलीकडून प्रश्न आला.

"आपली कंपनी तुमच्या पोटात राहिलीय."

८. आंधळी पेटी

शाओ झोंग अनवाणी धावल्या. बूट टेबलावरच राहिले. त्यांच्यामागे खांगबाई, मी, छातीशी शाईची गादी धरलेल्या थांगताई, आणि सगळ्यांत शेवटी कागदांची पिशवी सांभाळत युआन साहेब. विक्रीच्या पेट्यांची खोली नियंत्रण कक्षाला लागून आहे, हे वाटेत खांगबाईंनी धापा टाकत सांगितलं. न तपासता विमानात जाणारी वस्तू तेवढी एकच. वेइनं शिक्का तळाच्या पेटीत घातला असणार. तळापर्यंतच्या पेट्या कधीच विकल्या जात नाहीत.

आज विकल्या गेल्या होत्या. इतका वेळ अडकलेली माणसं दुसरं काय करणार?

विमानाच्या दारातच एक पोरगं भेटलं. त्याच्या गालावर लाल गोल होता. मधोमध तारा, भोवती आमच्या कंपनीचं नाव.

"हे कुणी केलं रे?"

पोरानं मागे बोट दाखवलं. मधल्या वाटेत रांग लागली होती. माणसं मनगटं, बोर्डिंग पास, उलटीच्या पिशव्या पुढे करत होती. रांगेच्या टोकाला, खिडकीच्या आसनावर, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती. हवाई सुंदरीची लिपस्टिक शिक्क्याला फासून ती एकेकाला ठप्पा देत होती.

"पुढचा!"

पुढच्या शाओ झोंग होत्या.

"थोरल्या ताई," त्या धाप आवरत म्हणाल्या, "हा शिक्का माझा आहे. मला परत द्या."

"तुझा कसा? मी पेटी विकत घेतली, तीत निघाला. या बाईला विचार."

हवाई सुंदरीला रडू फुटायच्या बेतात होतं. "अध्यक्षा, मला वाटलं नवं खेळणं आलंय."

"बदल्यात दोन पेट्या घ्या."

"दोन पेट्यांत दोन कंगवे निघतील. हे पितळ आहे."

"दहा."

"दहा कंगव्यांचं काय करू?" म्हातारीनं रुमाल वर करून विरळ केस दाखवले. "नांगर फिरवू?"

सगळं विमान हसलं. बाजारात घासाघीस करताना शाओ झोंगना कुणी हरवल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी आसनाच्या हातावर बूड टेकलं, आणि गंमत म्हणजे त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती.

"बरं. मग काय हवं ते तुम्हीच सांगा."

"हे विमान हलव. लानचौला माझ्या लेकीला कळा सुरू झाल्यात. इथं सकाळपासून नुसतं बोलणं ऐकतेय, स्वागत, स्वागत. किती वेळा स्वागत करशील?"

"शिक्का दिलात की हलवते."

"आधी हलव."

"ताई, आज त्या शिक्क्याचा ठप्पा एका कागदावर बसला नाही तर कंपनीच माझी राहत नाही. मग हलवू कुणाच्या हुकमानं?"

म्हातारीनं शिक्का उलटा करून तारा बघितला. अंगठ्यानं लिपस्टिक पुसली. विमान आता हसत नव्हतं. मागच्या रांगांतली माणसं आसनांवर गुडघे टेकून बघत होती.

"म्हणजे हे विमान या ठप्प्यावर उडतं?"

"हे, आणि ते बाहेरचं. सगळी."

"मग असं लवकर बोलायचं ना! आण कागद. पण ठप्पा मी मारणार. शिक्का माझा, हात माझा."

शाओ झोंगनी युआन साहेबांकडे बघितलं. युआन साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग म्हातारीकडे, मग छताकडे.

"शिक्का खरा हवा, असं नियम सांगतो," ते म्हणाले. "हात कुणाचा, याबद्दल नियमात काहीच नाही."

समोरच्या आसनाची फळी खाली आली. तिच्यावर कागद पसरले गेले. थांगताईंनी गादी उघडली, रुमालानं शिक्का स्वच्छ केला, म्हातारीच्या बोटांत सरळ धरून दिला, आणि पाया पडल्यासारखे हात जोडून त्या मागे सरकल्या. "तारा वर, आजी. तिरका नको."

"मला शिकवू नकोस. मघापासून हेच करतेय."

तिनं शिक्का शाईवर टेकवला. कागदावर ठेवला. मग दोन्ही तळवे एकावर एक ठेवून, आसनातून अर्धी उठून, सगळं अंग त्याच्यावर टाकलं. कणिक तिंबताना टाकतात तसं.

शिक्का उचलला. लाल गोल. काठ स्वच्छ, तारा सरळ, एकही अक्षर फुटलेलं नाही.

"मंजूर," युआन साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. "अभिनंदन, शाओ झोंग. विमान तुमचं."

त्यानंतर काय झालं ते सांगता येणार नाही. माणसं आसनांवर उभी राहिली. गालावर ठप्पा असलेलं पोरगं एका परक्या माणसाच्या खांद्यावर चढलं. थांगताईंनी हवाई सुंदरीला मिठी मारली, मला मारली, मग कुणाला मारली ते त्यांनाच कळलं नसेल. कॅप्टन खांग भिंतीला टेकून, डोळे मिटून हसत होत्या. विमानचालकानं ध्वनिवर्धकावर सांगितलं की वाट अजून मोकळी आहे, पण फार वेळ राहणार नाही, तेव्हा ज्यांना लानचौला जायचं नाही त्यांनी कृपया उतरावं.

म्हातारीनं शिक्का शाओ झोंगच्या हातात ठेवला आणि त्यांची मूठ आपल्या हातानं मिटली.

"घे. आणि जपून ठेव गं. असली वस्तू पेटीत घालून विकायची नसते."

आम्ही उतरलो. जिन्याच्या पायथ्याशी विमानतळाचे पोलीस होते, त्यांच्यामध्ये वेइ आणि फू. विमानाच्या कागदांना जोडलेल्या भागीदारीच्या करारात एक ओळ होती, ती आजवर कुणी मोठ्यानं वाचली नव्हती. अट पूर्ण झाली तर फू यांचा हिस्सा मूळ किमतीला शाओ झोंगना मिळणार. युआन साहेबांनी ती तिथेच, इंजिनं सुरू होता होता, मोठ्यानं वाचली.

"आता मला काय म्हणणार?" फू झोंगनी कडवटपणे विचारलं.

"फू," शाओ झोंग म्हणाल्या. "नुसतं फू."

लानचौचं विमान मागे सरकलं, वळलं, निघालं. खिडक्यांत लाल ठप्प्यांची मनगटं हलत होती. ते आमच्या नव्या विमानावरून गेलं तेव्हा त्याची सावली क्षणभर त्याच्या पाठीवर बसली आणि सुटली. ढग फाटले होते.

शाओ झोंग काँक्रीटवर अनवाणी, दोन्ही हात वर करून, शिक्का मुठीत धरून काहीतरी ओरडल्या. इंजिनांच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही.

आम्ही सगळे हो म्हणालो.